शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भाजीपाला : जंतू खरोखर गेले याची खातरजमा कशी करावी?

(शहरालगतच्या भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांच्या चर्चासत्रात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळच्या सत्रात आपण ठिबकाविषयी ऐकले, खतांविषयी ऐकले. आता जेवणानंतर मी आपल्यापुढे सांडपाण्याचा विषय घेऊन उभा आहे. वेळ आणि विषय यांचा मेळ फारसा बरा नाही, हे मला मान्य आहे. पण विषय टाळून चालणार नाही, कारण आपल्यापैकी निम्म्याहून अधिक मंडळींच्या शेतापर्यंत हे पाणी आलेले आहे किंवा येत्या काही वर्षांत येणार आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीनुसार आपल्या देशातील शहरांत दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवर. उरलेले पाणी ओढ्या-नाल्यांतून नदीला आणि नदीतून कोणाच्या ना कोणाच्या मोटारीने शेतात जाते. दुसरीकडे धरणाचे पाणी शहरे पितात आणि शेतीला त्याच्या बदल्यात शहराचे शुद्ध केलेले पाणी घ्या असे सांगितले जाते. पुण्याजवळ मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडले जाणारे पाणी आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. म्हणजे हे पाणी घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी आता उरलेलाच नाही. पाणी घ्यायचेच आहे. प्रश्न एवढाच, की 'शुद्ध केले आहे' असे जेव्हा आपल्याला सांगितले जाते, तेव्हा त्या शब्दावर किती विसंबायचे?

एक कागद आणि माझी चूक

याबाबत माझी स्वतःची एक चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शहराजवळच्या गावाने मला बोलावले होते. गावाला शुद्धीकरण केंद्राचे पाणी मिळू लागले होते आणि पालक, कोथिंबीर, मेथी करावी का, अशी विचारणा होती. मला प्रयोगशाळेचा अहवाल दाखवण्यात आला. दर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कॉलीफॉर्म जिवाणू दोनशेच्या आत. आकडा उत्तम होता. मी सभेत सांगितले, "काही हरकत नाही, करा."

सभा संपल्यावर एक वयस्कर शेतकरी जवळ आले. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "साहेब, हे पाणी बाटलीत भरलं किती वाजता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते म्हणाले, "मी पहाटे पाचला पाट फोडतो. त्या वेळी पाण्याला वेगळाच वास असतो. नऊनंतर दवाखान्यासारखा वास येतो."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे तिथे गेलो. क्लोरीनचा पंप चालवणारा माणूस नऊ वाजता कामावर येत होता. शहरातले लोक सकाळी सहा ते आठ या वेळात सर्वांत जास्त पाणी वापरतात, त्यामुळे केंद्रावर सर्वांत मोठा लोंढाही सकाळीच येत होता. म्हणजे पाणी सर्वांत जास्त आणि औषध शून्य, अशी ती वेळ. नमुना मात्र अकरा वाजता घेतलेला. अहवाल खोटा नव्हता. अकरा वाजताच्या पाण्याचा तो खरा अहवाल होता. चूक माझी होती. एका बाटलीवरून मी चोवीस तासांच्या पाण्याची हमी देऊन बसलो होतो. त्याच आठवड्यात पुन्हा गावात जाऊन मी माझा सल्ला मागे घेतला.

बैल बाजारात पाहू नये, गाडीला जुंपून पाहावा

आपण बैल विकत घेतो तेव्हा काय करतो? बाजारात उभा असलेला बैल देखणा दिसतो. पण जाणता शेतकरी त्याला भरल्या गाडीला जुंपतो आणि चढावर नेऊन पाहतो. ओझे ओढेल की नाही हे ओझे लावल्यावरच कळते. शुद्धीकरण केंद्राचेही तसेच आहे. केंद्र जंतू किती काढू शकते हे अत्यंत वाईट परिस्थितीत, पूर्ण भार असताना, मोजून सिद्ध करावे लागते. याला आपण 'क्षमतेची खातरजमा' म्हणू. ही खातरजमा पाणी शेतकऱ्याला देण्यापूर्वी करायची असते, आणि यंत्रणेत मोठा बदल केला तर पुन्हा करायची असते.

यात तीन वेगवेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

पहिले काम म्हणजे ही खातरजमा. केंद्र ठरल्याप्रमाणे चालले तर जंतू पुरेसे जातात का, हे सुरुवातीलाच कसून तपासणे.

दुसरे काम रोजच्या देखरेखीचे. केंद्र आज, या क्षणी, ठरल्याप्रमाणे चालले आहे का? पाण्याचा गढूळपणा, शिल्लक क्लोरीन, पाण्याचा वेग यांची सतत मोजणी.

तिसरे काम पडताळणीचे. अधूनमधून नमुने घेऊन प्रयोगशाळेत जंतू मोजणे.

आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त तिसरे काम होते आणि त्याचाच कागद दाखवला जातो. जंतूंच्या तपासणीचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. निकाल येईपर्यंत ते पाणी कोथिंबिरीवर पडलेले असते आणि कोथिंबीर मार्केट यार्डात पोचलेली असते. म्हणून नुसत्या पडताळणीवर भिस्त ठेवता येत नाही.

दूध संघाचे उदाहरण घ्या. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद, किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे तापवले की क्षयाचे जंतू मरतात, हे एकदा कसून सिद्ध केलेले आहे. त्यानंतर संघ प्रत्येक पिशवीत क्षयाचे जंतू शोधत बसत नाही. तो तापमान आणि वेळ पाळतो. शिवाय दुधातले फॉस्फेटेज नावाचे विकर तपासतो. हे विकर क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त चिवट असते. ते नष्ट झाले म्हणजे जंतूही मेले असे धरता येते. आधी क्षमता सिद्ध करा, मग मर्यादा पाळा आणि चिवट साक्षीदार तपासा, ही पद्धत सांडपाण्यालाही लागू पडते.

टक्के नव्हे, शून्ये मोजा

"आमचे केंद्र ९९ टक्के जंतू काढते," असे कोणी सांगितले की आपल्याला समाधान वाटते. परीक्षेत ९९ टक्के म्हणजे पहिला नंबर. पण जंतूंचे गणित निराळे आहे.

शहराच्या कच्च्या सांडपाण्यात दर १०० मिलिलिटरला, म्हणजे अर्ध्या फुलपात्राइतक्या पाण्यात, ई. कोलाय जातीचे सुमारे एक कोटी जिवाणू असू शकतात. त्यातले ९९ टक्के काढले तर उरतात एक लाख. ९९.९ टक्के काढले तर दहा हजार. ९९.९९ टक्के काढले तेव्हा कुठे हजारावर येतो.

म्हणून शास्त्रज्ञ टक्क्यांत न बोलता शून्यांत बोलतात. एक कोटीवर सात शून्ये. प्रक्रियेने दहापट घट केली की एक शून्य पुसले गेले. शंभरपट घट म्हणजे दोन शून्ये. एक कोटीचे एक हजार करायचे तर चार शून्ये पुसली पाहिजेत. यापुढे केंद्राच्या अधिकाऱ्यांशी बोलताना टक्के विचारू नका. 'किती शून्ये पुसता?' असे विचारा. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा, 'कोणत्या जंतूंची?'

कारण सर्व जंतू एका जातीचे नाहीत. सांडपाण्यात चार प्रकारचे रोगकारक येतात.

जिवाणू : टायफॉइड, कॉलरा, हगवण यांचे. हे क्लोरीनने लवकर मरतात.

विषाणू : कावीळ, पोलिओ, लहान मुलांचे जुलाब यांचे. अतिशय सूक्ष्म असल्यामुळे साध्या वाळूच्या गाळणीतून बरेचसे निसटतात. क्लोरीनने मरतात, पण त्याला जास्त मात्रा आणि जास्त वेळ लागतो.

एकपेशीय परोपजीवी : अमिबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम. यातल्या क्रिप्टोस्पोरिडियमवर नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनचा जवळजवळ परिणाम होत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्लोरीन दिलेल्या नळाच्या पाण्यातून याची साथ पसरली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. हा जंतू चांगल्या गाळणीने अडतो आणि अतिनील किरणांनी निकामी होतो.

जंतांची अंडी : गोल जंत, चाबूककृमी वगैरेंची. यांना क्लोरीन म्हणजे नुसती आंघोळ. जमिनीत ती कित्येक महिने जिवंत राहतात. पण ती जड आणि आकाराने मोठी असतात, त्यामुळे पाणी संथ ठेवले तर तळाला बसतात. तळ्यांच्या मालिकेत पाणी आठ ते दहा दिवस साठवले तर अंडी बहुतांशी बसून जातात.

आता लक्षात येईल की, 'ई. कोलाय नाही' याचा अर्थ 'जंतांची अंडी नाहीत' असा होत नाही. सर्वांत आधी मरणारा साक्षीदार मेला, म्हणून चिवट गुन्हेगारही मेला असे समजणे धोक्याचे आहे. प्रत्येक गटाचे खाते वेगळे ठेवावे लागते.

हा धोका पुस्तकी नाही

१९७० साली जेरुसलेममध्ये कॉलऱ्याची साथ आली. सांडपाण्यावर पिकवलेला, कच्चा खाल्ला जाणारा भाजीपाला हे ती पसरण्याचे महत्त्वाचे कारण ठरले. चिलीची राजधानी सांतियागो येथे वर्षानुवर्षे टायफॉइड हटत नव्हता. १९९१ मध्ये कॉलऱ्याच्या भीतीने तेथील सरकारने कच्च्या सांडपाण्यावरील सॅलडच्या भाज्यांना बंदी घातली, आणि टायफॉइडचे रोगीही झपाट्याने घटले.

आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे आहे. सांडपाण्यावरील शेतांत काम करणाऱ्या मजुरांच्या तपासणीचा तिच्या शास्त्रज्ञांचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. अशा मजुरांत अंकुशकृमी आणि गोल जंत यांचे प्रमाण इतर शेतमजुरांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे भाजी खाणाऱ्याच्या आधी भाजी पिकवणारा आजारी पडतो. अनवाणी पाटात उभी राहणारी बाई आणि बांधावर खेळणारी तिची मुले, हा या विषयाचा पहिला हिशेब आहे.

खातरजमा प्रत्यक्षात कशी होते?

हे काम चांगले कसे होते याचे एक उदाहरण अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे भागाचे आहे. तेथे कॅस्ट्रोव्हिल गावाच्या परिसरात आर्टिचोक, फ्लॉवर, ब्रोकोली, सेलरी, लेट्यूस अशी पिके होतात. विहिरींचा उपसा इतका झाला की समुद्राचे खारे पाणी भूगर्भात आत सरकू लागले. जवळच्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करून वापरावे असा विचार पुढे आला. शेतकऱ्यांनी विचारले, 'व्यापाऱ्याने माल नाकारला तर?' हा प्रश्न आपणही विचारला असता.

त्यावर नुसते आश्वासन दिले गेले नाही. १९८० ते १९८५ अशी पाच वर्षे शेतातच चाचण्या झाल्या. शेजारशेजारच्या वाफ्यांना विहिरीचे पाणी आणि दोन वेगवेगळ्या रीतींनी शुद्ध केलेले पाणी देण्यात आले. पाणी, माती आणि पिके तपासली गेली. प्रक्रियेची ताकद पाहण्यासाठी लशीत वापरतात तो दुर्बल केलेला पोलिओचा विषाणू प्रायोगिक संयंत्राच्या पाण्यात मुद्दाम मिसळून किती शून्ये पुसली जातात हे मोजले. शुद्ध केलेल्या पाण्यात शहरातून आलेले विषाणू सापडले नाहीत आणि पिकांचा दर्जाही घसरला नाही. तरीसुद्धा प्रत्यक्ष पाणी सुरू झाले ते १९९८ साली, सुमारे १२ हजार एकर क्षेत्राला. विश्वास बसायला एवढा काळ लागला आणि तो योग्य ठिकाणी खर्च झाला असे मी म्हणेन.

अशा खातरजमेत पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

१. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी, दोन्ही मोजायचे. फक्त बाहेरचे मोजले तर केंद्राने काय केले हे कळत नाही. पावसाळ्यात आत येणारे सांडपाणीच पातळ असते. तेव्हा बाहेरचा आकडा चांगला दिसला तरी त्याचे श्रेय पावसाचे असते.

२. पाणी टाकीत खरोखर किती वेळ थांबते ते पाहायचे. कागदावर क्लोरीनच्या टाकीत पाणी तीस मिनिटे थांबते असे लिहिलेले असते. पण पाणी आडवाटेने धावते. आपल्या शेततळ्यात जशी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे धार लागते तसेच. म्हणून टाकीच्या तोंडाशी मीठ किंवा रंग टाकतात आणि दुसऱ्या टोकाला तो केव्हा पोचतो ते घड्याळ लावून पाहतात. मीठ सहाव्या मिनिटाला बाहेर आले, तर त्या टाकीची तीस मिनिटे कागदावरचीच. कॅलिफोर्नियाच्या नियमांत शिल्लक क्लोरीनची लिटरमागे मिलिग्रॅममधील मात्रा आणि संपर्काची मिनिटे यांचा गुणाकार किमान ४५० असावा आणि सर्वाधिक प्रवाह असतानाही संपर्ककाळ ९० मिनिटांच्या खाली जाऊ नये अशी अट आहे.

३. निरुपद्रवी पण चिवट साक्षीदार वापरायचा. खऱ्या रोगजंतूंची मोजणी अवघड आणि महाग असते. म्हणून विषाणूंच्या जागी कोलिफाज मोजतात. हा जिवाणूंना लागणारा विषाणू असून तो माणसाला काही करत नाही. चिवट परोपजीवींच्या जागी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू मोजतात.

४. वाईटात वाईट वेळ निवडायची. सकाळचा लोंढा, पहिला पाऊस, थंडी, वीज जाऊन परत आल्यानंतरचा तास. बैल चढावरच पाहायचा.

५. सरासरीवर जायचे नाही. दहा दिवसांपैकी नऊ दिवस केंद्राने पाच शून्ये पुसली आणि एक दिवस फक्त एकच पुसले असे समजा. सरासरी येते ४.६ शून्ये. ऐकायला छान. पण कच्च्या पाण्यात एक कोटी जंतू धरले तर नऊ दिवस प्रत्येकी शंभर जंतू उरले आणि त्या एका दिवशी दहा लाख. त्या एका दिवसाचे जंतू बाकीच्या नऊ दिवसांच्या एकूण जंतूंच्या हजार पटीहून जास्त झाले. रोग सरासरीने येत नाही, त्या एका दिवसाने येतो.

युरोपीय संघाने २०२० साली केलेला आणि २०२३ पासून लागू झालेला नियम याच पायावर उभा आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या, पाण्याचा थेट स्पर्श होणाऱ्या पिकांसाठीच्या 'अ' वर्गाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला ई. कोलाय दहापेक्षा जास्त नकोत. शिवाय नवे केंद्र सुरू करण्यापूर्वी ई. कोलायची पाच, कोलिफाजची सहा आणि क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंची चार शून्ये पुसली जातात हे सिद्ध करावे लागते, तेही किमान ९० टक्के नमुन्यांत. आपल्याकडे २०१७ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कॉलीफॉर्मची मर्यादा दर १०० मिलिलिटरला १००० पेक्षा कमी अशी घातली होती. तो आकडा बाहेर सोडायच्या पाण्याचा आहे. त्यावरून विषाणूंचे आणि जंतांच्या अंड्यांचे काय झाले ते समजत नाही, हे ध्यानात ठेवावे.

अहवाल हातात आला तर काय पाहावे?

प्रयोगशाळेचा कागद मिळाला तर पुढील प्रश्न जरूर विचारा. आपल्या पाणी वापर संस्थेमार्फत लेखी विचारले तर अधिक चांगले.

१. नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोठून घेतला? केंद्राच्या तोंडाशी की आपल्या चारीवर?

२. आत येणाऱ्या पाण्याचा आकडा त्याच अहवालात आहे का?

३. वर्षभरात किती नमुने घेतले आणि त्यातला सर्वांत वाईट कोणता?

४. जंतांच्या अंड्यांची तपासणी झाली आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे लिटरमागे एकापेक्षा जास्त अंडे असू नये.

५. नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट होते का? हे फार महत्त्वाचे आहे. नसेल तर पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी स्वच्छ होते. तुमच्या चारीतले पाणी मात्र तसे होत नाही. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत तपासायला लागला पाहिजे.

६. वीज गेली किंवा क्लोरीन संपला तर पाणी आपोआप दुसरीकडे वळवले जाते का? की तसेच कालव्यात येते? आपल्याला कळवण्याची काय व्यवस्था आहे?

ग्रामपंचायतीत पाण्याच्या टाकीसाठी क्लोरोस्कोप असतो. त्याने चारीवरच्या पाण्याची ओटी चाचणी करता येते. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला एवढे कळते. पण सांडपाण्यात अमोनिया असतो. त्याच्याशी क्लोरीन संयोग पावला की त्याची मारकशक्ती बरीच मंदावते आणि रंग मात्र येतो. म्हणून पिवळा रंग म्हणजे शुद्धतेचा दाखला समजू नये. रंग आलाच नाही तर मात्र त्या दिवशी सावध व्हावे. पहाटे, दुपारी आणि रात्री अशी चाचणी करून वहीत लिहून ठेवावी. माझ्या चुकीवर बोट ठेवणाऱ्या त्या शेतकऱ्याजवळ फक्त नाक होते. वही असती तर त्यांचे म्हणणे त्याच दिवशी सभेत सिद्ध झाले असते.

आपल्या शेतातही शून्ये पुसता येतात

सर्व काम केंद्रावर सोडून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनाचे मोठेपण हे की, त्यांनी शेतकऱ्याच्या हातातील उपायांनाही शून्यांचे माप दिले. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांसाठी शेतापासून ताटापर्यंत एकूण सुमारे सहा आणि कंदमुळांसाठी सात शून्ये पुसली जावीत असे त्यांनी सुचवले. त्यातली किती कोठे मिळतात ते पाहा.

ठिबक सिंचन, उंच वाढणारे पीक : चार शून्ये.
ठिबक सिंचन, जमिनीलगतचे पीक : दोन शून्ये.
शेवटचे पाणी आणि काढणी यांत अंतर : ऊन आणि हवामानानुसार दर दिवशी अर्धे ते दोन शून्ये.
स्वच्छ पाण्याने धुणे : एक शून्य.
साल काढणे : दोन शून्ये.
शिजवणे : सहा ते सात शून्ये.

म्हणजे तारेवर बांधलेला टोमॅटो ठिबकावर असेल तर शेतातच चार शून्ये मिळाली, केंद्राने दोन दिली तरी बेरीज सहा होते. पाटपाण्यावरच्या कोथिंबिरीला केंद्राने तीन दिली, काढणीआधी पाणी तोडून दोन मिळाली, स्वच्छ पाण्याने धुऊन एक मिळाले, तर बेरीज सहा. वांगी, दोडका, भुईमुगासारखी शिजवून किंवा भाजून खायची पिके यात सुरक्षित बाजूला राहतात. मात्र शेतात काम करणाऱ्यांचा धोका त्यानेही टळत नाही. गाजर, मुळा, बीट यांना हे पाणी टाळलेले बरे.

पण ज्या न्यायाने आपण केंद्राची खातरजमा मागतो, तोच न्याय आपल्यालाही लावला पाहिजे. ठिबकाची नळी फुटून पानांवर फवारा उडत असेल तर ती चार शून्ये गेली. टोमॅटोचा घोस जमिनीला टेकला तरी गेली. काढणीआधी तीन दिवस पाणी तोडायचे ठरवले आणि बाजारभाव चढला म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी सोडून वजन वाढवले, तर काय उरले? आणि सर्वांत मोठी चूक धुण्याची. जुडी बांधून झाली की ताजी दिसावी म्हणून आपण ती पाटाच्याच पाण्यात बुडवतो. दोन दिवसांच्या उन्हाने जे पुसले ते आपण एका बुडीत परत लिहितो. जुड्या धुण्यासाठी आणि मार्गात शिंपडण्यासाठी विहिरीचे अथवा नळाचे स्वच्छ पाणी वेगळ्या टाकीत ठेवा. सारा मळा स्वच्छ पाण्यावर करता येत नसेल, पण शेवटचे दोन हंडे नक्की स्वच्छ असू शकतात.

पाटात काम करताना गमबूट आणि हातमोजे वापरा. मुलांना पाटात उतरू देऊ नका. जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. घरातील सर्वांना आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने जंतांचे औषध वेळेवर द्या. पाण्यातील क्षार आणि जड धातू हा वेगळा विषय आहे. त्यासाठी पाण्याची व मातीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. जंतू गेले म्हणजे क्षारही गेले असे होत नाही.

शेवटी

सांडपाणी म्हटले की नाक मुरडणारे लोक आहेत, आणि 'खत फुकट मिळते' म्हणून डोळे मिटून घेणारेही आहेत. दोघेही मोजत नाहीत. हे पाणी नीट शुद्ध केले, त्याची क्षमता सिद्ध केली आणि आपण आपल्या वाट्याची काळजी घेतली, तर ते बारमाही पाणी आहे. दुष्काळातही शहर पाणी पिणारच आणि सोडणारच. पण त्याची हमी कागदावरच्या एका आकड्याने मिळत नाही. पहाटे पाचच्या पाण्याची, पहिल्या पावसाच्या पाण्याची आणि वीज गेलेल्या रात्रीच्या पाण्याची हमी मागा. ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण भाजी तुमच्या नावाने विकली जाते आणि तीच भाजी तुमच्या चुलीवरही शिजते.

येथून घरी गेल्यावर फक्त एक काम करा. दोन रुपयांची का होईना, एक वही घाला आणि उद्या पहाटे पाट फोडताना पाण्याचा वास, रंग आणि वेळ तिच्यात लिहा. महिनाभराने ती वही घेऊन केंद्रावर जा. तेथील अधिकारी तुमच्याशी वेगळ्या आदराने बोलतील, याची मला खात्री आहे.